बिनधुराच्या आठ सकाळी

सुनेनं विजेचं भांडं आणलंय. पांढरं, पोट सुटलेलं, वर काचेचं झाकण. संध्याकाळी ती त्यात ओट घालते, पाणी घालते, एक सफरचंद चिरून टाकते, चार मनुका, दालचिनीचा तुकडा, आणि बटण दाबून मोकळी होते. सकाळी न्याहारी तयार. गरम, मऊ. कुणी उठलं नाही, कुणी फुंकलं नाही, कुणाच्या डोळ्यांतनं पाणी आलं नाही.

पहिल्या दिवशी तिनं वाटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "मामा, खाऊन बघा. दातांना त्रास नाही."

मी वाटी सारली. "माझ्या वाटणीचं करत जाऊ नको," म्हणालो.

तिला वाटलं म्हाताऱ्याला चव आवडली नाही. पोरगा म्हणाला, "आबा, तुम्ही तर मिलिटरीत हेच करत होता की."

करत होतो. म्हणूनच सारली.

माझी बायको जाऊन पाच महिने झाले. ती गेली आणि पोरानं मला गावाकडनं उचलून सांगलीला आणलं, तिसऱ्या मजल्यावर. इथनं खिडकीतनं वीस-पंचवीस घरं दिसतात. सकाळी एकाही घरातनं धूर निघत नाही आणि कोण मेलं म्हणून कुणी विचारायला येत नाही. ह्या एवढ्या एका गोष्टीसाठी मी लिहायला बसलोय. शाळा माझी चौथीपर्यंत. मिलिटरीत पत्रं लिहून हात वळला तेवढाच. चुकलं तर चुकलं.

गाव आमचं कोरेगाव तालुक्यातलं, पाटाच्या पाण्याखालचं, उसाचं. बायको कवठे महांकाळच्या बाजूची. तिकडं तेव्हा कुसळं आणि बोरी. लग्न झालं तेव्हा आमच्यातल्या बायका तिला "कण्या खाणारी" म्हणायच्या. ज्वारी जात्यावर भरडून तिच्या कण्या शिजवून खायच्या, हे आमच्याकडं गरिबीचं खाणं. ती काही बोलायची नाही. बोलायची ती मला एकट्याला, आणि तेही असं की ऐकून झाल्यावर अर्ध्या तासानं लागावं.

मी लढाईत होतो असं गावात सांगायचो. खोटं नव्हतं. लढाई झाली तेव्हा मी होतोच. पण माझ्या हातात बंदूक नव्हती, पळी होती. मी लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. पंधरा वर्षं तेच केलं. साहेब लोकांना सकाळी ओटची पेज लागायची. ते तिला पॉरिज म्हणायचे, आम्ही दलिया म्हणायचो. डब्यातले ओट, वर दूध, वर केळ्याचे काप. एखाद्या साहेबाला मध लागायचा. गुठळी राहिली तर वाटी परत यायची, म्हणून मी गुठळी राहू दिली नाही.

वर डोंगरात, थंडीत, चौक्यांवर गरम खाणं पोचवायचं तर एक लाकडी पेटी असायची. आत गवत ठासून भरलेलं, मधोमध भांड्याच्या मापाचं भोक. ओट पाव घंटा आगीवर उकळायचे, झाकण घट्ट लावायचं आणि भांडं त्या गवतात दाबायचं. वरनं गवताची उशी, तिच्यावर घोंगडी. झालं. खाली आग नाही, लाकूड नाही. आच बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती आतल्या आत शिजवत बसते. संध्याकाळी ठेवलेलं सकाळी उघडावं तर हात भाजेल. पहिल्यांदा बघितली तेव्हा ही देवाची करणी आहे असं मला वाटलं होतं. मग रोजचीच झाली.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी पेन्शनीवर घरी आलो. तोवर मी वर्षातनं दोन महिने घरी असायचो, पाहुण्यासारखा. पाहुण्याला चहा अंथरुणात मिळतो. बायको किती वाजता उठते हे मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

ती चारला उठायची. पहाटे बाहेर थंडी, म्हणून चूल आत. धुराला जायला वाट म्हणजे कौलांच्या फटी. उसाचं चिपाड, तुरकाट्या, वर शेणी. पावसाळा सरला तरी शेणी आतनं ओलसर राहायच्या. ती फुंकणीनं फुंकायची, खोकायची, पदरानं डोळे पुसायची आणि परत फुंकायची. फुंकणीचा आवाज आणि खोकल्याचा आवाज एकाआड एक. घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस मी अंथरुणात पडून ते ऐकलं. मेसमध्ये माझ्या डोक्यावर मोठी चिमणी होती. साहेबांच्या नाकाला धूर लागू नये म्हणून सरकारनं बांधली होती.

एका पहाटे उठून आत गेलो. धुरात तिचं तोंड दिसेना, नुसती काकणं वाजत होती.

"आगं, एवढ्या अंधारात कशाला उठतीस?"

"मग भाकरी काय तुमचा कर्नल थापनार?"

"धूर केवढा झालाय."

"आज बघितला व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं तुमी डोळं मिटून ऱ्हाताय म्हून तुमाला लागत न्हाई."

त्या दिवशी मला ती पेटी आठवली.

सामान ज्या खोक्यातनं आलं होतं तो देवदारी फळ्यांचा खोका परड्यात पडला होता. त्याच्या फटी मी चिंध्यांनी बुजवल्या. आत भाताचा पेंढा ठासला आणि तपेलीच्या मापाची जागा केली. म्हसवडच्या यात्रेत घेतलेलं जुनं घोंगडं फाडून वरची उशी शिवली. दोन दिवस गेले. आई ओट्यावर बसून बघत होती. दात एकही नव्हता तिला, पण तोंड चालू.

"आरं, ह्ये काय कोंबड्या उबवायला करतोस?"

"न्याहारी शिजवायला."

"बिनचुलीची?"

"बिनचुलीची."

"लढाईत डोक्याला मार लागला व्हता का रं तुझ्या?" आई म्हणाली आणि माझ्या बायकोकडं बघून डोळे मिचकावले.

ओट आमच्या गावात कुठनं येणार. मी म्हणालो, कण्या घे. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी काय बोललो ते मलाच दोनदा ऐकू आलं. सासरी येऊन बारा-तेरा वर्षं तिनं कण्यांचं नाव काढलं नव्हतं.

पहिली तपेली फसली. मी ओटच्या हिशोबानं पाव घंटा उकळून ठेवली. सकाळी कण्या दाताखाली खड्यासारख्या. बायको चावत म्हणाली, "तुमच्या सायबांचं दात लय बळकट आसतील." मग ती म्हणाली, "सरका आता." दुपारीच तिनं कण्या भिजत घातल्या. दिवेलागणीला चुलीवर चांगल्या अर्धा तास रटारटा शिजवल्या आणि झाकण लावायच्या आधी पदराच्या गाठीतनं मूठभर वाळलेली बोरं काढली. माहेरची. ती दरवर्षी आणायची आणि लपवून एकटीच खायची, हे मला तेव्हा कळलं. बोरं टाकली, पिकलं केळं कुस्करलं. मी म्हणालो, दूध आणि गूळ आत्ता घालू नको, बोरं आंबट आहेत, दूध फाटेल, सकाळी वरनं घालू. ती म्हणाली, "व्हय लांगरी सायेब." तिच्या तोंडी तो शब्द मला आवडला. दुसऱ्या कुणाच्या तोंडी कधी आवडला नाही.

सकाळी झाकण काढलं आणि वाफ आली. कण्या फुलून लोण्यासारख्या झालेल्या. बोरं फुगून परत ताजी झाल्यासारखी. पाणी सगळं तांबूस, आंबटगोड. वर गूळ, वर निरसं दूध. मी आईला वाटी दिली. ती म्हणाली शिळं हाय, मी खायची न्हाई. मग एक घास खाल्ला. मग म्हणाली, "ह्या बुळबुळीत खान्याला चव ती कसली?" आणि वाटी पुढं केली. "घाल आजून वाईच, टाकून कशाला द्यायचं."

ती पहिली सकाळ. फसलेला दिवस मी धरत नाही.

त्या सकाळी बायको चारला जागी झाली, सवयीनं. उठून बसली. मी म्हणालो, "पड." ती पडली, पण डोळे उघडे. मग म्हणाली, "उगं पडून ऱ्हायाचं? वंगाळ वाटतंय." दुसऱ्या दिवशी पण तसंच. तिसऱ्या दिवशी मी उठलो, गुरांना वैरण टाकली, पेटी उघडली, पोराला खायला घातलं, आणि ती झोपलेलीच. एका कुशीवर, तोंड उघडं, एक हात गालाखाली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझी बायको झोपलेली कशी दिसते हे मी उजेडात तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पोरगं तिला हलवायला गेलं, त्याला मी दंडाला धरून बाहेर नेलं.

अंगणात पहिलं ऊन आल्यावर ती दचकून उठली. पदर सावरत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"ह्यो सूर्य रोज हितनंच उगवतो?" ती म्हणाली.

"मग कुठनं?"

"मी बघितला न्हवता. मी बाहीर यीस्तवर त्यो वर आलेला आसतोय. आन् डोळ्यात पानी."

रानात न्यायच्या भाकऱ्या मग ती नऊच्या सुमाराला करायची, अंगणातल्या चुलीवर, उन्हात. धूर वाऱ्यावर जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की घरात काहीतरी कमी आहे. शोधत बसलो काय ते. खोकला नव्हता.

सहाव्या सकाळी काकू आली.

काकू म्हणजे आमची चुलती, शेजारची. तिचं मागचं दार आमच्या कौलांसमोर. ती आठवडाभर लेकीकडं गेली होती आणि आदल्या संध्याकाळी परत आली होती. आईला मधे दोन दिवस ताप येऊन गेला, ते तिला लेकीच्या गावातच कळलं होतं. आमच्याकडं ज्या घरात माणूस मरतं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकी भाकरी-पिठलं करून आणते. त्याला कडू घास म्हणतात. काकूनं पहाटे दार उघडलं, आमच्या कौलांकडं बघितलं, धूर नाही. तांबडं फुटलं तरी नाही. दिवस कासराभर वर आला तरी नाही. तिनं काय समजायचं ते समजलं. बिचारीनं घाईनं भाकऱ्या थापल्या, पिठलं हाटलं, पाटीवर फडकं टाकलं आणि दोन बायकांना बरोबर घेऊन निघाली. आमच्या दारात येता येताच तिनं गळा काढला.

"आक्का गंऽऽ, मला न भेटताच गेलीस गंऽऽ..."

आई ओट्यावर उन्हात बसून कण्या खात होती.

"कुठं गेली मी?" आई म्हणाली.

काकूचा हुंदका नरड्यातच राहिला. मागच्या दोघींनी तोंडाला पदर लावला.

"पाटीत काय हाय गं?"

"भाकरी," काकू म्हणाली.

"कुनाला?"

"तुमालाच... म्हंजे तुमच्या माघारी ह्या समद्यांस्नी."

"का पर?"

"धूर दिसला न्हाई वो आक्का."

"मग? धूर काय माझ्या नाकातनं निघतो?" आईनं वाटी खाली ठेवली. "आन् माझ्या माघारी पिठल्यात लसूण घातलास का न्हाई?"

"घातलाय."

"मग ठिव हितं. माझा घास मीच खाती. मेल्यावर मला कोन इचारतंय?"

असलं कुणी करत नाही. जित्या घरात कडू घास आला तर तो उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, ओढ्यात सोडतात आणि घरावरनं मीठमोहऱ्या उतरतात. आईनं मात्र फडकं बाजूला केलं आणि भाकरी पिठल्यात कुस्करून चांगली चाटूनपुसून खाल्ली. काकू रडत होती का हसत होती ते तिलाच कळेना. बायको दाराआड भिंतीला टेकून हसत होती. हसता हसता खाली बसली. पूर्वी ती हसली की पाठोपाठ खोकला यायचा. त्या दिवशी नुसती हसली.

तिथं ही गोष्ट संपायला हवी होती. घरात कुणाची काही तक्रार नव्हती. मला वर्षानुवर्षं कुणी विचारलं की ती पेटी का बंद पडली, तर मी सांगत आलो, "आईला चालत नव्हतं, जुनं माणूस, काय करणार." आई मेल्यावरही तेच सांगितलं. उलट बोलायला ती नव्हती. आज लिहून ठेवतो. आईचा काही संबंध नाही. आई तर तो घास खाऊन रोज दोन वाट्या मागत होती.

काकूनं ती गोष्ट गावभर केली. तिनं हसण्यावारीच केली. दोन दिवसांनी मी गुऱ्हाळावर गेलो. हंगाम होता, पाच-सहाजण काहिलीभोवती बसले होते, माझ्याच वयाचे. मला बघून एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं.

"काय लांगरी, आज कोन मेलं?"

"आरं, बसू दे त्याला. दमलाय. पहाटं बायकोला न्याहारी करून घातलीया."

"ती झोपती आन् ह्यो कण्या हालवतो. मिलिटरीत ह्येच शिकवलं व्हय रं गड्या?"

मी पण हसलो. हसावं लागतं. मग त्यातला एक, ज्याला मी लढाईच्या गोष्टी सर्वात जास्त सांगितल्या होत्या, तो उसाची कांडी सोलत शांतपणे म्हणाला, "आरं, तुमास्नी म्हाईत न्हाई. दुश्मन पळाला कशानं? ह्यानं बॉम्ब न्हाई टाकलं, बटाटं टाकलं."

सगळं गुऱ्हाळ हसलं. चुलवाणात जाळ घालणारा गडी हसायचा थांबेना.

एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी वाळीत टाकलं नाही. पाच माणसं मिनिटभर हसली. माझ्या बायकोचा श्वास मी त्या एका मिनिटाला विकला.

घरी आलो. ती दुपारच्या कण्या निवडत होती, उद्यासाठी. मी चपला काढायच्या आधी म्हणालो, "उद्यापासनं पहाटं आतली चूल पेटली पायजे."

तिनं सूप खाली ठेवलं. "आन् पेटी?"

"पेटी ऱ्हाऊ दे. न्याहारी पेटीतच कर. पर धूर दिसला पायजे. एक शेणी पेटव नुसती."

तिनं हात पदराला पुसले. "म्हंजे कण्या पेटीत शिजनार, आन् मी चारला उठून गावाला धूर दाखवनार?"

"व्हय."

"वर ठेवू काय? तवा?"

"काय ठिवू नको. नुसता धूर."

"कशासाठी वो?"

"सांगितलं तेवढं कर."

आई ओट्यावरनं म्हणाली, "आरं लेका, मी जिती हाय ह्ये समद्या गावाला कळलंय की आता. धूर कुनाला दावायचा?"

"तू गप ऱ्हा," मी आईला म्हणालो. आईला तसं मी आयुष्यात एकदाच बोललो, ते तेव्हा.

दुसऱ्या पहाटे बायको चारला उठली. चुलीत एक शेणी ठेवली, ओली, कारण धूर तिचाच होतो. फुंकली. खाली जाळ नाही, वर तवा नाही, नुसता धूर. पेटलेल्या चुलीपेक्षा तो वाईट. पेटलेली चूल थोड्या वेळानं धूर खाते, ही नुसती ओकत राहायची. बाजूला पेटीत न्याहारी आपली आपण शिजून तयार, आणि माझी बायको चुलीपुढं बसून कौलांतनं गावाला धूर पाठवतेय. मी अंथरुणात होतो. जागा होतो. फुंकणीचा आवाज आला आणि पाठोपाठ खोकला. मी गोधडी डोक्यावर घेतली.

असं सहा दिवस चाललं. जगात दुसऱ्या कुठल्या नवऱ्यानं बायकोला असं काम लावलं असेल असं मला वाटत नाही. मुकादम तरी कामातनं काही निघतंय का ते बघतो.

सातव्या पहाटे थाप थाप आवाज आला. उठून बघितलं तर तवा चढवलेला आणि ती भाकरी थापत होती. पेटी रिकामी, तपेली घासून पालथी घातलेली.

"ह्ये काय?"

"धुरात बसायचंच हाय तर भाकरी तरी हुदे," ती म्हणाली. वर बघितलं नाही. "फुकट खोकायला मला परवडत न्हाई."

त्यावर मी एक शब्द बोललो असतो तरी बरं झालं असतं. पेटी कर, शेणी राहू दे, गाव गेलं खड्ड्यात, असं. मनात आलं होतं. पण दिवस उजाडला, आणि काकू मागच्या दारातनं ओरडली, "आज धूर झकास हाय गं!" तिनं चेष्टाच केली होती. मला बरं वाटलं. त्या चेष्टेचं मला बरं वाटलं.

महिन्याभरानं पेटीत खुडूक कोंबडी बसली. आईनं म्हटलं तेच झालं. बोरं बायकोनं परत पदराच्या गाठीला बांधली आणि एकटीच खात राहिली. कण्यांचं नाव आमच्या घरात परत निघालं नाही.

पुढं गावात गॅस आला, तो मी लवकर घेतला नाही. गॅसवरची भाकरी बेचव लागते म्हणायचो. आमच्या आळीत सगळ्यांत शेवटची टाकी माझी. हेही लिहून ठेवतो. पेटी एकदा मोडली, पण त्यानंतर रोज सकाळी मी ती परत परत मोडतच होतो.

बायकोला दम लागायला लागला तेव्हा ती पासष्टीला आली होती. आधी चढाला लागायचा, मग अंगणात, मग बसल्या जागी. गेल्या साली पोरानं तिला सांगलीला आणून दाखवलं. डॉक्टर पोरसवदा होता, चांगला होता. त्यानं छातीचा फोटो उजेडाला धरला, बघितला आणि विचारलं, "आजी, विडी-तंबाखू?"

तिनं मान हलवली, नाही.

"चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?"

ती दम घेत होती म्हणून मीच बोललो. "पस्तीस-चाळीस."

तिनं तोंडावर लावलेली ऑक्सिजनची वाटी हातानं बाजूला केली. "त्यातनं आठ दिस वजा करा," ती म्हणाली.

डॉक्टर हसला. "आठ दिवस? माहेरी गेला होता का, आजी?"

"न्हाई," ती म्हणाली. "घरातच हुते. झोपले हुते."

माझ्याकडं बघितलं नाही तिनं. बघितलं असतं तर बरं झालं असतं. पन्नास वर्षांत ह्या गोष्टीवर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटत होतं ती विसरली. ती मोजून बसली होती. त्या सहा दिवसांचा धूर तिनं आठात धरला नव्हता, बरोबर धरला नव्हता. मी उठून बाहेर बाकड्यावर जाऊन बसलो. पोरगा आला आणि म्हणाला, "आबा, डॉक्टर गोळ्या समजावून सांगतायत, आत या." मी म्हणालो, तू ऐक.

दिवाळीनंतर ती गावातच गेली. पहाटे, चारच्या सुमाराला. त्या दिवशी आमच्या घरातनं धूर निघाला नाही, आणि काकूची सून पाटी घेऊन आली, काकू आता नाही. कडू घास घरच्या माणसानं खावा लागतो. मी खाल्ला. पिठल्यात लसूण होता.

आता सांगलीला. सुनेची वाटी मी महिनाभर सारत होतो. ती नोकरी करते, दिवसभर दमते, माझ्यासाठी वेगळे पोहे करायला सकाळी अर्धा तास लवकर उठायला लागली. एका सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या कांदा चिरायचा आवाज ऐकला आणि मी ताडकन उठून बसलो. म्हटलं, म्हाताऱ्या, अजून तेच चालवलंयस.

त्या दिवशी पोराला ज्वारीच्या कण्या आणायला सांगितल्या, आणि मिळाली तर वाळलेली बोरं. मिळाली. दुपारी मी कण्या भिजत घातल्या. संध्याकाळी सुनेला म्हणालो, "सरक." विजेच्या भांड्यात कण्या, बोरं, कुस्करलेलं केळं, पाणी. दूध-गूळ सकाळी. तिनं बटण कुठलं ते दाखवलं. सकाळी खाऊन ती म्हणाली, "मामा, हे ओटपेक्षा भारी झालंय. कुणी शिकवलं?"

"मिलिटरीत," मी म्हणालो. परत खोटं. अर्धं तरी.

मी ते खातो. गोड लागत नाही, पण खातो. आता रोज संध्याकाळी भांडं मीच लावतो. सून सातपर्यंत झोपते. मला झोप नसतेच, म्हणून पहाटे दाराशी खुर्ची ओढून बसतो. दूधवाल्याला सांगितलंय, बेल वाजवायची नाही, पिशवी माझ्या हातात द्यायची. नवीन पोरगा आहे, त्याला कळत नाही. परवा दबक्या आवाजात विचारलं त्यानं, "आजोबा, घरात कोण आजारी आहे का?"

"कोण न्हाई," मी म्हणालो. "झोपल्यात. जा तू."